तीस लिटरचा उतार

नरसिंहरावांच्या जयनगरच्या घरात देवघरापेक्षा मोठं एक काचेचं कपाट आहे आणि त्यात एकोणीस पेट्रोलचे टँकर उभे आहेत. रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही म्हणून कुणी कुरकुरलं की वसुमती अक्का त्याला आत बोलावून कपाट दाखवतात. "आमच्याकडे एकोणीस लॉऱ्या आहेत. धूळ पुसायला मी एकटी. तुमचं एका गाडीचं दुःख, स्वल्प कमीच म्हणायचं."

नरसिंहरावांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे बेंगळुरात आलं आणि परत जायचं राहूनच गेलं. मी सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे आलो त्याला आता चाळीस वर्षं होतील. अण्णा माझी ओळख अजून "हे पद्माकर, नवीन आलेत" अशी करून देतात.

अण्णा मापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात इन्स्पेक्टर होते. टँकरची टाकी मापून देणं हे त्यांचं काम. यशवंतपूरला खात्याचं आवार होतं, आवारात सिमेंटचा एक ओटा, परातीसारखा सपाट. लॉरी त्या ओट्यावर चढायची. टाकीच्या प्रत्येक कप्प्यात मोजून पाणी ओतायचं, वरच्या भोकातून पितळेची दांडी आत सोडायची, ती जिथवर ओली होईल तिथे खूण कापायची आणि खुणेशेजारी शिक्का ठोकायचा. मग वर्षभर ती दांडी म्हणजे सत्य. पंपवाला, लॉरीमालक, पोलीस, कोर्ट, सगळे तिच्यापुढे मान वाकवणार. अण्णांनी अशी सत्यं तीस वर्षं ठोकली. निवृत्त झाल्यावर आपण शिक्का मारलेल्या जुन्या लॉऱ्यांच्या प्रतिकृती करायला बसले.

प्रमाण एकास चोवीस. टाकीला टॉनिकच्या डब्यांचा पत्रा, नळांना रिफिलींची पितळी टोकं, आणि पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगा उमटवायला शिंप्याचं दातेरी चाक. खऱ्या टाकीवर एका रांगेत अठ्ठावन्न रिव्हेटा असतील तर इथेही अठ्ठावन्न. सत्तावन्न झाल्या तर पत्रा भंगारात. एकदा मी म्हटलं, "अण्णा, हे मोजतो कोण?" ते म्हणाले, "तू विचारलंस म्हणजे तू मोजणार नाहीस. जो मोजेल त्याच्यासाठी आहे ते."

विसावी लॉरी मात्र कपाटात मावणारी नव्हती. ती जेवणाच्या टेबलावर होती, हातभर लांब आणि वर आणखी वीतभर. साठ सालच्या सुमाराची, पुढे गोल नाक असलेली. गेले चार महिने अण्णा-अक्का मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

"ही एवढी मोठी का?"

"एकास दहा आहे. चोवीसात पाणी खोटं बोलतं," अण्णा म्हणाले. "लहान भांड्यात पाणी काठाला चिकटून वर चढतं. अर्धा मिलिमीटर तिथंच जातो. मला अर्ध्या मिलिमीटरचं काम आहे."

हे काम कसं निघालं ते सांगतो. निघताना मी हजर होतो, आणि मध्ये पडलो नाही, हाही माझ्या स्वभावाचाच भाग.

या लॉरीचे फोटो हवे होते म्हणून आम्ही कोरमंगलाला गेलो होतो. लॉरीमालक कधीच वारले. त्यांचा नातू अजित तिथे एक कंपनी चालवतो. तुम्ही मागवाल ते अकरा मिनिटांत घरपोच. दहा मिनिटांवाले आधीच कुणी होते. अजितने आजोबांचा आल्बम काढला आणि एका फोटोवर बोट ठेवलं. केळीचे खुंट बांधलेली, झेंडूने मढलेली नाकवाली लॉरी, आणि नाकावर हात ठेवून, लग्नातल्या नवऱ्यासारखा उभा असलेला ड्रायव्हर.

"ओ, हा तर लेजेंड आहे आमच्याकडे!" अजित म्हणाला. "गुंडू. प्रत्येक ट्रिपला तीस लिटर पेट्रोल मारायचा. एक्झॅक्ट थर्टी, रोज! आजोबांनी आधी विश्वास ठेवला, मग पंपवाल्यांनी डेटाच दाखवला. अकरा महिने रोज दांडीवर तीस लिटर कमी. काढून टाकला. नवा ड्रायव्हर आला आणि दुसऱ्या दिवसापासून प्रॉब्लेम झीरो. मी ट्रेनिंगमध्ये ही केस सांगतो सगळ्यांना. माणूस खोटं बोलेल, डेटा खोटं बोलत नाही."

अण्णांनी फोटो उलटा केला. मागे लिहिलं होतं: आयुधपूजा १९८६.

"ड्रायव्हर काढला कधी?"

"पुढच्या वर्षी. दसऱ्याच्या आधी."

"आणि दांडीवर नवा शिक्का?"

"तो दर वर्षी दसऱ्यालाच ना? आजोबा फार रिलिजस होते."

अण्णांची कॉफी तशीच राहिली. परतीची रिक्षा दुसऱ्या लाल सिग्नलला थांबली तेव्हा ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पद्माकर, चोराचा हात कधी सारखा पडत नाही. एक दिवस वीस, एक दिवस साठ, सणाच्या दिवशी शंभर. वर्षभर रोज तीस कमी येतात तेव्हा चोर शोधायचा नसतो. दांडी तपासायची असते."

"मग तपासली का नाही कुणी?"

"शिक्का होता ना तिच्यावर," अण्णा म्हणाले. "माझा."

त्यांना तो दिवस आठवत होता. आयुधपूजेची आदली दुपार. इकडे त्या सणाला स्टेपलरपासून विमानापर्यंत सगळ्याची पूजा होते आणि पूजा झालेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. खात्याच्या आवारात तर देव म्हणजे तो ओटाच. भाग्यलक्ष्मी नावाच्या टायपिस्ट बाईंनी सकाळपासून कंबर मोडून ओटाभर रांगोळी काढली होती, मध्ये तराजू, चार कोपऱ्यांना चार कमळं. तेवढ्यात ही लॉरी आली. मालकाला उद्या पूजेला लॉरी हवी होती, नव्या शिक्क्यासकट. भाग्यलक्ष्मी ओट्याच्या पायरीवर उभी राहिली. "सार, मोडू नका ना. रात्रभर आमचा पहारेकरी कुत्र्यांना हाकलणार आहे, तुम्ही लॉरी चढवता?"

अण्णा तेव्हा छत्तीस वर्षांचे. भला माणूस. ते म्हणाले, सरी, ठीक आहे, बाजूच्या गल्लीत मापू. गल्ली सपाटच आहे.

आम्ही त्या गल्लीत गेलो. आवाराच्या जागी आता टाइल्सचं गोदाम आहे. गल्लीवर अडतीस वर्षांत किती वेळा डांबर पडलं असेल ते ठेकेदारालाही सांगता येणार नाही, पण गटाराच्या कडेचे ग्रॅनाइटचे दगड जुनेच होते. अण्णांनी पिशवीतून गवंड्याची पाणसळ काढली आणि गुडघे टेकून दगडावर ठेवली. हमालांना वाटलं म्हाताऱ्याचं काही पडलंय. दोघं मदतीलाही आले. "काय हरवलं, अज्जा?"

अण्णा बुडबुड्याकडे पाहत म्हणाले, "मिळालं."

शंभराला दोन. एवढा उतार सायकलवाल्याच्या पोटऱ्यांना कळतो, लॉरीवाल्याला कळत नाही. लॉरीचं नाक चढाकडे होतं. टाकीतलं पाणी मागे सरकलं, आणि दांडीची भोकंही प्रत्येक कप्प्याच्या मागच्या टोकाला. दांडी एक सेंटिमीटर जास्त ओली झाली आणि अण्णांनी तिथे सत्य कापलं. पुढे वर्षभर डेपोत मीटरवर मोजून पूर्ण तेल भरायचं, आणि पंपाच्या सपाट जमिनीवर दांडी सोडली की तेल खुणेच्या सेंटिमीटरभर खाली. कप्प्याला दहा लिटर, कप्पे तीन.

"हा अंदाज झाला," मी म्हटलं. मी इंजिनियर होतो. माणसाला दिलासा द्यायचा असला की मी पुरावा अपुरा आहे असं म्हणतो. कारखान्यात ते चालायचं.

"म्हणूनच लॉरी बांधायची," अण्णा म्हणाले.

चार महिने बांधली. अण्णांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आणि दुसऱ्यात हट्ट. टाकी पितळी पत्र्याची, आत तीन कप्पे, लाटा थोपवायचे आडवे पडदे, भोकं बरोबर खऱ्या जागी, दांडी सायकलच्या स्पोकची. एवढ्यावर पाणी मोजता आलं असतं. पण अण्णांनी पुढे इंजिन बसवलं, सीटला रेक्झिन लावलं, दारं उघडती केली.

"पाणी मोजायला दार कशाला उघडायला पाहिजे?" अक्कांनी विचारलं.

"गुंडू उतरणार कुठून?"

अक्का आत जाऊन उगाच भांडी घासू लागल्या. भांडी मोलकरणीने सकाळीच घासली होती.

चाचणी एका गुरुवारी, दुपारचं जेवण झाल्यावर घेतली. टेबलाच्या पायांखाली पुठ्ठे घालघालून अण्णांनी ते सपाट केलं. मग लॉरीच्या पुढच्या चाकांखाली साडेआठ मिलिमीटरची पट्टी सरकवली. एवढीशी पट्टी. अक्का म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा माझी पोळी जाड असते." कप्प्यात तीन-तीन लिटर पाणी ओतलं, दांडी सोडली, खुणा कापल्या. पट्टी काढली. लॉरी सपाट झाली. पुन्हा दांडी सोडली.

पाणी खुणेखाली होतं. तिन्ही कप्प्यांत.

अण्णांनी इंजेक्शनच्या पिचकारीने थेंब थेंब पाणी घालत खूण गाठली. दहा मिली. साडेदहा. पुन्हा दहा. एकास दहाच्या लॉरीत खऱ्याचा हजारावा भाग पाणी मावतं, म्हणजे हे तीस मिली त्या लॉरीत तीस लिटर. खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं.

"पेट्रोल हवेत उडतं पण, अण्णा," मी शेवटचा प्रयत्न केला. "उन्हाळ्यात—"

"पावसाळ्यात पण तीसच उडालं?"

अक्का म्हणाल्या, "झालं ना आता? कळलं ना? लॉरी उचला, मला टेबल पुसायचंय." आणि पुसायचं फडकं हातात घेऊन त्या खुर्चीवर बसूनच राहिल्या.

आधी अण्णा खात्यात गेले. चूक जिथे केली तिथेच ती जमा करावी, ही त्यांची जुनी शिस्त. प्रणीत नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगा सज्जन होता, त्यामुळे काहीच होणार नाही हे लवकर कळलं.

"तक्रारदार कोण, सर?"

"मी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. "दोन्हीकडे एकच नाव घेत नाही, सर, हे. बरं, गाडीचा नंबर?" नंबर घातला. गाडी अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. "दाखला आहे का त्या वेळचा?"

"तुमच्याकडे असेल."

"दहा वर्षांनी नष्ट करतो, सर. म्हणजे दाखला दिलाच होता याचा पुरावा नाही. जो दिलाच नाही तो चुकीचा कसा म्हणायचा?" मग त्याने आवाज खाली आणला. "सर, तुमच्या नावाचं अजून उदाहरण देतात इथे. कशाला उगाच?"

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "उदाहरण देतात म्हणे."

राहिला गुंडू. तो आमच्यासारखाच मराठी बोलणारा, जुन्या बेंगळुरी घरातला, एवढं अण्णांना आठवत होतं. यशवंतपूरच्या लॉरी स्टँडवर आम्ही चार ठिकाणी विचारलं. गुंडू नावाचा म्हातारा ड्रायव्हर कुणाला माहीत नव्हता. पाचव्या ठिकाणी चहावाल्याने विचार केला आणि म्हणाला, "मूवत्तु लिटर गुंडू का?"

मूवत्तु म्हणजे तीस. अडतीस वर्षांत चहावाले बदलले, स्टँड हलला, नाव टिकलं. चहावाल्याला त्या नावामागची गोष्ट माहीत नव्हती. त्याला वाटत होतं म्हातारा पूर्वी दूध विकत असेल.

घर कांद्याच्या वखारींमागे होतं, दोन खोल्यांचं. दार उघडलं ते कस्तुरीने, गुंडूच्या मुलीने. पन्नाशीची, गळ्यात टेप, मागे शिलाई मशीन. अण्णांच्या हातात चादरीत गुंडाळलेलं लांबडं काहीतरी बघून ती म्हणाली, "आल्टरेशन असेल तर गुरुवारनंतर." अण्णांनी नाव सांगितलं. ती बाजूला झाली.

गुंडू खाटेवर बसला होता. फोटोतल्या नवरदेवाचं आता नुसतं हाडांचं माप उरलं होतं. अण्णांनी चादर काढून लॉरी जमिनीवर ठेवली, आणि तो खाटेवरून उतरला. उतरला म्हणजे घसरलाच. कस्तुरी धावली तर त्याने तिला हाताने दूर केलं. लॉरीचं नाक त्याने तळव्याने पुसलं.

"अय्यो," तो म्हणाला. "अय्यो, माझी बाई."

दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वाकून स्टिअरिंग बघितलं. "आरसा ह्या बाजूला नव्हता, सार. हा फुटला होता. मी बांगड्यांच्या दुकानातला गोल आरसा तारेनं बांधला होता." चार महिन्यांत अण्णांच्या कामात कुणी काढलेली ती पहिली चूक. अण्णांनी मान खाली घातली.

मग त्यांनी सांगितलं. रांगोळी, गल्ली, पाणसळ, चार महिने, तीन टोपणं. बरोबर आणलेल्या बाटलीतून पाणी ओतून दांडी सोडून दाखवली. गुंडू ते सगळं पाहत होता. सर्व्हिसिंग चाललेलं असताना ड्रायव्हर मेकॅनिकचे हात बघतो तसा. कस्तुरीचं मशीन केव्हा थांबलं ते कळलं नाही.

"तू चोरलं नाहीस, गुंडू," अण्णा म्हणाले. "चूक माझी. मी ते लिहून देतो. म्हणशील तिथं येऊन सांगतो."

गुंडूने लॉरीचं दार मिटलं. मग स्वच्छ आवाजात म्हणाला, "नाही, सार. मी चोरलं."

"अरे, नाही चोरलंस. हे बघ—"

"मी चोरलं. लिहून दिलंय मी. मालक म्हणाले, लिहून दे, पोलिसात देणार नाही."

"ते घाबरून दिलंस."

"सार, तुम्ही बसा वर. जमिनीवर नको." अण्णा बसले नाहीत. गुंडू लॉरीच्या टाकीवर हात ठेवून बोलत राहिला. "माझ्या बायकोनं मला देवळात नेलं. म्हणाली, देवासमोर हात ठेवून सांगा, नाही चोरलं म्हणून. मी विश्वास ठेवते, सगळं जग गेलं तेल लावत. मी उभा राहिलो. हात उचलला. आणि माझ्या मनात आलं, दांडीवर सरकारचा शिक्का आहे. रोज तीस कमी येतंय. दांडी खोटं बोलणार नाही. मग माझंच काहीतरी असेल. कॉक नीट बंद केला नसेल. कुठं झोप लागली असेल, कुणी काढलं असेल. रोज? रोज कसं झोपणार मी? पण शिक्का होता, सार. मी हात खाली घेतला. शपथ घेतली नाही."

कस्तुरी भिंतीला टेकून उभी होती. ही गोष्ट तिने ऐकलेली असावी, पण आईच्या बाजूने.

"त्यानंतर ती माझ्याशी बोलली, स्वयंपाक केला, सगळं केलं. दहा वर्षं. मेली तेव्हा पण पाणी माझ्या हातून प्यायली. पण चोराच्या हातून प्यायली ती, सार. ह्या पोरीचं लग्न ठरलेलं मोडलं. त्या दिवशी मी ठरवलं, मी चोरलं. त्यानंतर बरं वाटलं मला. चोरी केली, शिक्षा झाली. हिशेब लागतो." त्याने अण्णांकडे बघितलं. "आता तुम्ही म्हणता मी चोरलं नाही. मग देवळात मी हात खाली का घेतला? हे कुणाला विचारू? तिला विचारायला होत नाही आता."

मी आयुष्यभर माणसांची फजिती बघून चार विनोदी ओळी लिहीत आलो. त्या खोलीत मी टाइल्स मोजल्या. बावीस भरल्या.

"अण्णा," कस्तुरी म्हणाली. पहिल्यांदाच बोलली. "हे तेव्हा कळलं असतं का कुणाला?"

"त्याच दिवशी कळलं असतं, अक्का," अण्णा आपल्याहून लहान बाईला म्हणाले. "पाणसळ माझ्या पिशवीत होती."

ती "हूं" म्हणाली. जीभ दाताखाली धरल्यासारखी.

"सार," गुंडू म्हणाला, "तुम्ही मोठे आहात. माझ्यासाठी एक करा. हिला सांगा की तुमचं काही चुकलं नाही. ही आता रात्रंदिवस मला बघणार. चोर बाप म्हणून हिनं मला सांभाळलं, रागानं का होईना, रोज सांभाळलं. आता ही माझी कीव करेल. या वयात मला ते नको. सांगा हिला. दांडी बरोबर होती म्हणा."

मी अण्णांना ओळखतो. सत्तावन्न रिव्हेटांचा पत्रा त्यांनी भंगारात टाकलेला मी बघितलाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाइल्सकडे पाहिलं.

"गल्ली..." अण्णा म्हणाले आणि थांबले. "गल्ली नंतर खचली असेल. डांबराच्या वेळी दगड हलवतात ते लोक. तेव्हा सपाट होती. मी बघूनच मापलं होतं." मग कस्तुरीकडे न बघता म्हणाले, "दांडी बरोबर होती."

पहिली खोटी खूण त्यांनी चुकून कापली होती.

गुंडूच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तो एकदम मोकळा बोलायला लागला. पाहुणे घरी आल्यावर यजमानाने बोलावं तसा. "तुमकूर रस्त्याला एक चिंच होती, तिच्याखाली मी लॉरी थांबवायचो. मागचा कॉक उघडायचो आणि कॅन लावायचो."

"मागचा नाही," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता. "मागच्याला सील असायचं. सील तुटलं असतं तर पंपवाल्यानं पहिल्याच दिवशी धरला असता तुला."

गुंडू गडबडला. त्याने लॉरीकडे बघितलं.

"पुढच्या कप्प्याचा," अण्णांनी बोटाने दाखवलं. "खाली, चॅसिसच्या आत. त्याला सील लावायची पद्धत नव्हती तेव्हा."

"हां! पुढचाच. पुढचाच उघडायचो, सार. विसरलो बघा."

"पण मग एकाच कप्प्यात तीस कमी दिसलं असतं. तीनही कप्प्यांत दहा-दहा कसं?"

"ते कसं, सार?" गुंडूने विचारलं. खरोखर विचारलं.

अण्णांनी जरा विचार केला. खात्यात तीस वर्षं लोकांच्या लबाड्या शोधण्यात गेली होती. पहिल्यांदाच ते एक लबाडी बांधत होते, आणि तिच्यातही रिव्हेट कमी पडू द्यायला तयार नव्हते. "कप्प्यांना जोडणारी नळी असते आत. तिचा व्हॉल्व्ह सैल केला की तिन्हीकडून सारखं उतरतं."

"बरोबर. सैल करायचो. पान्यानं."

"चौदाच्या."

"चौदाच्याच पान्यानं, सार."

कस्तुरी आत गेली होती. ती कॉफी घेऊन आली, तीन पेले, आणि आमच्यासमोर ठेवून तिथेच उभी राहिली. बाप काय बोलतो ते तिने थोडा वेळ ऐकलं.

"आणि रोज तीसच का काढायचास, अप्पा?" तिने विचारलं. "कधी कमी-जास्त नाही?"

खोलीत कांद्याचा वास होता आणि कुठेतरी लॉरी मागे घेताना वाजतो तो भोंगा वाजत होता. गुंडूने अण्णांकडे पाहिलं.

"कॅन तेवढाच होता ना," अण्णा म्हणाले. "तीसचा."

"हां, तीसचा कॅन होता," गुंडू म्हणाला. "निळा."

कॅन तेव्हा वीसचे यायचे. अण्णांना ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि कस्तुरीने ज्या पद्धतीने रिकामा ट्रे छातीशी धरला त्यावरून तिलाही माहीत असावं.

"सरी," ती म्हणाली. "कॉफी घ्या, निवतेय."